मुलगा कशात आहे?

इंदूरच्या मराठी लग्नात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की माणसाचं मोजमाप तीन प्रश्नांत उरकतं. कंपनी कोणती, शहर कोणतं आणि मुलगा कशात आहे. परगावच्या पाहुण्यांना तिसरा प्रश्न कळत नाही. 'शेरवानीत आहे' असं भाबडं उत्तर देऊन ते गुलाबजामकडे वळतात. इथे 'कशात' म्हणजे जावात, पायथनात, डॉटनेटात की पीएचपीत. उत्तर ऐकून मावशींचा चेहरा जितका खुलतो किंवा मिटतो, त्यावरून मुलाचा महिन्याचा पगार दोन-पाच हजारांच्या फरकाने सांगता येतो.

या शास्त्रातली आमच्या घराण्याची तज्ज्ञ म्हणजे आत्या. तिने संगणकाला हात लावलाय तो फक्त त्यावरची धूळ पुसायला. पण लोकमान्य नगरात घरबसल्या स्थळं जुळवते, आणि तिच्या वहीत रास, नाडी, गोत्र यांच्या शेजारी 'तंत्र' नावाचा रकाना आहे. आधी मला वाटलं, काही तांत्रिक उपासनेचं प्रकरण असावं. नंतर नोंदी वाचल्या. 'जावा, बँकेचं काम. उत्तम.' 'पायथन, डेटा वगैरे. लगेच कळवणे.' 'रिअॅक्ट. बरा आहे, पण सारखं काहीतरी नवीन शिकत असतो.' आणि पीएचपीच्या प्रत्येक मुलापुढे न चुकता एकच शेरा: 'स्वभाव शांत.'

आत्याला पत्रिका बघता येते, म्हणून मी तिला एकदा या भाषांच्याच पत्रिका मांडायला बसवलं. जावा जगापुढे आली १९९५ च्या मे महिन्यात. पीएचपी त्याच वर्षीच्या जूनमध्ये. जावास्क्रिप्टची घोषणा त्याच डिसेंबरातली, आणि जपानमधली रुबीही त्याच डिसेंबरातली. चार भावंडं, एकच साल, आणि नशिबं बघा. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभा केला. घाईघाईत जन्मलेलं हे कार्टं आज प्रत्येक ब्राउझरमध्ये बसलंय आणि त्याला घराबाहेर काढणं कुणाच्या बापाला शक्य नाही. जावा बँकांत आणि विमा कंपन्यांत शिरली. तिथे एकदा बसलेली वस्तू हलवायची म्हणजे पाच समित्या बसतात, त्यामुळे जावाची पेन्शन पक्की. पीएचपीची कथा मात्र आत्याला फारच लागली. रासमुस लेर्डॉर्फ नावाच्या गृहस्थांनी ती हत्यारं पहिल्यांदा बनवली ती आपला इंटरनेटवर ठेवलेला बायोडेटा किती जण बघून जातात हे मोजायला. "अगोबाई," आत्या म्हणाली, "म्हणजे हा तर आपल्याच धंद्यातला!"

आणि तरी पगाराच्या रांगेत पीएचपी मागेच उभी. विकिपीडिया तिच्यावर चालतो, २००४ मध्ये फेसबुक सुरू झालं ते तिच्यातच, आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइटी ज्या वर्डप्रेसवर उभ्या आहेत ते वर्डप्रेसही तिच्यातच लिहिलेलं. एवढा संसार ओढणाऱ्या बाईला घरात मान किती असतो, हे आत्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तिने आतोबांकडे नुसतं पाहिलं.

कारण साधं आहे. पीएचपी शिकायला सोपी, म्हणून शिकलेले पुष्कळ. आणि ती जिथे राबते तिथला गल्ला लहान. आमच्या विजयनगर-पलासिया भागात एखाद्या इमारतीचे जिने चढत जा. खाली मोबाइल कव्हरं, पहिल्या मजल्यावर स्किन क्लिनिक, दुसऱ्यावर कोचिंग आणि तिसऱ्यावर वीस मुलं अंधाऱ्या खोलीत पडद्यांकडे बघत बसलेली. त्यांतला एक जण टेक्सासमधल्या दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट बनवत असतो, शेजारचा मेलबर्नमधल्या कुत्र्यांच्या पाळणाघराची. दंतवैद्य देऊन देऊन देणार किती? तोच मुलगा, तेवढीच अक्कल, बँकेच्या कामाला बसवा, पगार दीडपट. म्हणजे पगार भाषेला मिळतच नाही. भाषा ज्याच्या दुकानात झाडू मारते त्याच्या तिजोरीला मिळतो. पण हे मंडपात कोण ऐकणार? तिथे 'कशात आहे'चं उत्तर एका शब्दात लागतं.

भंवरकुआँवर जा, म्हणजे हा एक शब्द कसा विकला जातो ते कळेल. हा चौक म्हणजे स्पर्धापरीक्षांचं माहेर. तिथे तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे घडवण्याचे कारखाने आधीपासून होतेच. त्यांच्या फलकांच्या फटींतून आता 'फुल स्टॅक', 'मर्न स्टॅक', 'सहा महिन्यांत जॉब' असे फलक डोकावतात. हल्ली तर जुन्याच कोर्सच्या नावावर, पोह्यांवर शेव भुरभुरावी तसं, 'एआय' भुरभुरलेलं असतं. खालचे पोहे तेच.

मधे आत्याच्या कानावर आलं की जगभरच्या प्रोग्रामरांचं दरवर्षी सर्वेक्षण होतं आणि त्यात कुठल्या भाषेला किती पगार ते छापून येतं. झालं. मला ते वाचून दाखवावं लागलं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२२ च्या पाहणीत सगळ्यात जास्त पगाराची भाषा निघाली क्लोजर, आणि २०२३ मध्ये झिग. आत्याने दोन्ही नावं वहीत उतरवून घेतली आणि उज्जैन, देवास, महूपर्यंत चौकशी केली. झिगमधला एकही मराठी मुलगा निघाला नाही.

तिला समजावताना मलाच ते नीट समजलं. क्लोजर लिहिणारे मुळात थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक वर्षानुवर्षं या धंद्यात मुरलेले, केस पांढरे झालेले. तो पगार क्लोजरचा नाही, पांढऱ्या केसांचा आहे. बावीस वर्षांच्या मुलाने क्लोजर शिकून इंदुरात अर्ज टाकला तर एचआरची बाई त्याला विचारेल, "ते सगळं ठीक आहे, पण वर्डप्रेस येतं ना?"

शहरांचा हिशोब मात्र आतोबांच्या अखत्यारीत. ते ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मते कुठल्या शहरात किती पगार असावा हा प्रश्न भारत सरकारने केव्हाच सोडवलाय. शहरं तीन प्रकारची: एक्स, वाय आणि झेड. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, पुणे वगैरे आठ शहरं एक्स. इंदूर वाय. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के. विषय संपला. पुणं २०१५ पर्यंत वायमध्येच होतं, हे ते पुण्याच्या पाहुण्यांना आवर्जून सांगतात. पाहुणे अस्वस्थ होतात. आतोबांना तेवढंच हवं असतं.

त्यांचा आणखी एक लाडका मुद्दा प्राप्तिकराचा. जुन्या पद्धतीत घरभाड्यावरची सूट मोजताना महानगरं चारच धरत आले: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. तिथे मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत, बाकी सगळीकडे ४० टक्के. म्हणजे साऱ्या देशाच्या प्रोग्रामरांची पंढरी जे बंगळूर, ते आयकरवाल्यांच्या लेखी वर्षानुवर्षं इंदूरच्याच रांगेत उभं होतं. "खात्याला कळतं कोण खरं मोठं ते," असं म्हणून आतोबा चहा मागवतात.

त्यांचा थोरला, म्हणजे माझा आतेभाऊ, बंगळुरात. पॅकेज अठरा लाख. त्याच्याच वर्गातला, त्याच्याच बाकावरचा, त्याच्याच वहीतून उतरवून पास झालेला मित्र इंदुरात नऊ लाखांवर. दोघेही जावा. आता नऊची अठराशी तुलना कशी करायची? दिवाळीच्या फराळाला दोघं समोरासमोर आले की ही लढत दरवर्षी होते. बंगळूरवाला मोठा आकडा टाकतो. इंदूरवाला त्यातून भाडं वजा करतो. मग अनामत: तिथे पूर्वापार दहा महिन्यांच्या भाड्याएवढी घेत आलेत, घासाघीस केली तर कमी, म्हणजे दोन-तीन लाख बिनव्याजी दुसऱ्याच्या खिशात. मग दिवसाचे अडीच तास गाडीत. मग आईच्या हातचं जेवण, ज्याची किंमत आत्या दर वर्षी वाढवून सांगते. मग इंदूरहून कुरिअरने मागवलेली शेव आणि जिरावन. मग विमानाची तिकिटं. वजाबाकी अशी चालत जाते की चकली संपेपर्यंत बंगळूरवाला इंदूरवाल्याचे पैसे देणं लागतो. तेवढ्यात तो आपला हुकमी पत्ता काढतो: "पण स्विच मारायला तिकडे कंपन्या किती आहेत!" आणि इंदूरवाला गप्प होतो. खरं आहे ते. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्या, यश आणि इम्पेटससारखी नावं आहेत, इन्फोबीन्स तर इथलीच. तरी या ऑफिसातून उठून समोरच्या ऑफिसात वीस टक्के जास्त पगारावर जाऊन बसावं, ही चैन बंगळूर-पुण्यातच.

स्विच ही या पिढीची खरी वेतनवाढ. एका जागी राहिलं तर दरसाल आठ-दहा टक्के, उडी मारली तर तीस-चाळीस. जुनी माणसं याला नाकं मुरडतात. त्यांना मी सर टी. माधवराव यांचा बायोडेटा दाखवतो. तंजावरच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ. १८५७ ते १८७२ त्रावणकोरचे दिवाण, पद सुटल्यावर १८७३ मध्ये आपल्या होळकरांकडे इंदूरचे दिवाण, इथे जेमतेम दोन वर्षं काढून १८७५ मध्ये बडोद्याला गायकवाडांकडे. तीन संस्थानं, तिन्ही ठिकाणी सर्वोच्च पद, आणि मधल्या कंपनीत दोनच वर्षं. आजच्या एचआरने 'उमेदवार टिकत नाही' असा शेरा मारून तो कागद बाजूला ठेवला असता. बडोद्याला त्यांना नव्वद दिवसांची नोटीस भरून या, असं कुणी म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही. आणि आपण सगळे इंदूरचे मराठी तरी काय? आपले पणजोबा-खापरपणजोबा पुण्या-साताऱ्याहून, कोकणातून इकडे आले ते काही माळव्याची हवा खायला नाही. होळकरांकडे पगार बरा होता. त्या पणजोबांचे पणतू आता रात्रीच्या स्लीपर बसने पुण्याला जातात, आणि घरचे डोळे पुसत म्हणतात, आमच्यात कुणी गाव सोडून गेलं नव्हतं हो.

आता सीटीसी, म्हणजे कंपनीच्या हिशोबातलं पॅकेज. सहा लाखांचं पॅकेज म्हटल्यावर आत्या सहाला बाराने भागते आणि मुलीकडच्यांना महिना पन्नास हजार सांगते. मुलाच्या हातात पडतात सदतीस-अडतीस. मधले कुठे गेले? पीएफचा मुलाचा वाटा कापला, आणि कंपनीचा वाटाही पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटी, जी पाच वर्षं टिकलात तर मिळायची, तीही पहिल्या दिवसापासून धरलेली. 'व्हेरिएबल' नावाची एक रक्कम असते, ती नावाप्रमाणेच वागते. राज्य सरकारचा व्यवसाय कर महिना दोनशे आठ रुपये. कुणी ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनचे पैसेही त्यात घातले असतील, मला सांगता यायचं नाही. पण इंदोरी माणूस याला फसत नाही. चहाच्या टपरीवर पॅकेजचा आकडा सांगून बघा, पुढचा लगेच विचारतो, "वो तो ठीक है भिया, हाथ में कित्ता?"

या प्रश्नाला इथे खोल मुळं आहेत. आमच्या लहानपणी वडीलधारे 'पगार किती' याआधी 'पगार वेळेवर होतो का' हे विचारायचे. इथली हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी हातात पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. वाट बघता बघता कितीतरी माणसं गेली. ज्या गावाने हे पाहिलंय, तिथे 'ऑन पेपर' आकड्याला म्हातारी माणसं मान डोलावतात, विश्वास ठेवत नाहीत.

आत्याचं स्वतःचं एकक तोळा आहे, आणि मला ते सगळ्या सर्वेक्षणांपेक्षा भरवशाचं वाटतं. २०१२ च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्या नव्या पोराला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास द्यायच्या. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला तीस हजारांच्या घरात. म्हणजे वर्षाचा पगार दहा-अकरा तोळे. २०२५ मध्येही टीसीएस-इन्फोसिसच्या साध्या भरतीचा आकडा ३ लाख ३६ हजार, ३ लाख ६० हजार असाच होता, आणि सोन्याने त्याच वर्षी लाखाचा उंबरठा ओलांडला. म्हणजे जेमतेम तीन तोळे. मधल्या काळात अँग्युलर आलं, रिअॅक्ट आलं, ढग आले, डेटा आला, पण नव्या मुलाचा पगार सात-आठ तोळ्यांनी झिजला. हे सांगायला आत्या मुद्दाम सराफ्यात घेऊन जाते. तिथे दिवसा दागिन्यांची दुकानं आणि रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू. फ्रेशर पोरं हल्ली रात्रीच येतात.

या सगळ्या त्रैराशिकाचा बोऱ्या वाजला मार्च २०२० मध्ये. आतेभाऊ लॅपटॉप घेऊन लोकमान्य नगरात परत आला. खोली जुनीच, टेबल दहावीतलं, पोहे आईचे, पगार बंगळूरचा. आतोबांना झोप लागेना. "वायमध्ये राहून एक्सचे पैसे उचलतोय," ते म्हणाले. "ऑडिटमध्ये निघेल हे." आम्ही हसलो. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात फेसबुकच्या झुकरबर्गने नेमकं हेच जाहीर केलं: स्वस्त गावी राहायला जाल तर पगार त्या गावाप्रमाणे बदलेल. आतोबांनी ते वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं. ग्वाल्हेरच्या कार्यालयात त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, कॅलिफोर्नियात ऐकलं.

मला हा प्रश्न अजून सुटलेला नाही. गिटलॅब नावाची कंपनी आहे, तिला ऑफिसच नाही, सगळे घरून काम करतात. ती पगार ठरवताना तुमच्या कामाच्या आकड्याला तुमच्या गावाच्या आकड्याने गुणते. उलट ३७सिग्नल्सवाले, म्हणजे ज्यांच्यातल्या डेन्मार्कच्या डेव्हिड हान्सन यांनी २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स बाहेर काढलं ते, म्हणतात तुम्ही कुठेही राहा, पगार सॅन फ्रान्सिस्कोच्या भावाने. दोघांचंही चांगलं चाललंय. म्हणजे प्रोग्रामरच्या डोक्याला ठरलेला असा भाव नाहीच. कोड तोच, चुका त्याच, रात्री तीनला उठवणारा फोन तोच. किंमत ठरते ती खुर्ची कुठल्या पिनकोडवर ठेवलीय यावरून. टेक्सासच्या दंतवैद्याला आपली वेबसाइट विजयनगरात बनते की बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये, याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो मधल्या माणसाला, कारण त्याचं पोट त्या फरकावरच भरतं. आतेभावाला पुढे कंपनीने परत बोलावलं. तो गेला. आतोबांना त्या रात्री शांत झोप लागली आणि आत्याला अजिबात लागली नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र आत्याच्या वहीतले सगळे रकाने उलटेपालटे झाले. नऊ लाखवाल्या त्या मित्राचं स्थळ तिनेच चालवलं होतं. मुलगी मूळची उज्जैनची, नोकरी पुण्यात, 'गो' या भाषेत, पॅकेज बावीस. बावीस हा आकडा मुलाच्या आईने दोनदा विचारून घेतला. मग दिवाणखान्यात अर्थशास्त्राची जी चर्चा झाली तशी मी आयआयएमच्या आवारातही ऐकलेली नाही. एरवी पॅकेजच्या आकड्यापलीकडे बोलायला तयार नसलेल्या मुलाच्या काकू अचानक राहणीमानाच्या खर्चावर घसरल्या. पुण्याचे बावीस म्हणजे इंदूरचे बाराच धरा. त्यातून कर गेला, दहा. त्यातून व्हेरिएबल. मुलाचे नऊ मात्र निव्वळ, शिवाय घर स्वतःचं, घरभाड्याचे दोन लाख त्यात मिळवा, आईच्या हातचं जेवण, शिवाय २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर. अशा रीतीने मुलगा साडेबारापर्यंत चढला आणि मुलगी नवावर उतरली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. मुलीचे वडील शहाणे, त्यांनी हरकत घेतली नाही.

मुलगी इतका वेळ जिलेबी खात ऐकत होती. तिला विचारलं, तुला काही विचारायचंय का? आत्याला वाटलं, आता ही मुलाला विचारणार तू कशात आहेस. तिने पगार विचारला नाही, भाषा विचारली नाही. म्हणाली, "माझं कायमचं वर्क फ्रॉम होम झालंय. तुमच्याकडे ब्रॉडबँडच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी आहेत का? आणि वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकतो?"

मुलाची आई काकूंकडे बघायला लागली, काकू आत्याकडे. या प्रश्नाचा रकाना वहीत नव्हता. मुलाचे वडील मात्र उठले, बाहेर व्हरांड्यात गेले आणि कार्यालयाची तारीख विचारायच्या आधी त्यांनी केबलवाल्याला फोन लावला.